सूसै अण्णांनी भरलेल्या होड्या

कापलेला तुकडा अण्णांनी बाजूला ठेवला. आत थर्माकोल असायला हवा होता. नव्हता.

आम्ही तिघं होतो. सूसै अण्णा, होडीचा मालक रायप्पन आणि मी. रायप्पनची होडी आदल्या दिवशी बंधाऱ्याच्या दगडावर आपटली होती. मागच्या बाजूला, इंजिन बसतं तिथं, हातभर चीर गेली होती. साधं काम होतं. चिरेभोवतीचं फायबर कापायचं, आतला भिजलेला थर्माकोल बदलायचा, पुन्हा लिंपायचं. जेवायच्या आत उरकेल, असं अण्णा म्हणाले होते.

"कुणी खाल्लं रे?" रायप्पन म्हणाला. "उंदरांनी?"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी हात आत घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. गाल होडीला टेकला. कपाटामागं पडलेली किल्ली शोधावी तसे ते चाचपत राहिले. हात बाहेर आला तेव्हा बोटांना पिवळट चिकटा होता. आणि मुठीत एक प्लास्टिकची पिशवी. सापाच्या कातीसारखी, रिकामी.

पेट्रोलचा वास आला.

मणलतुरैतल्या, म्हणजे आमच्या गावातल्या, जवळजवळ सगळ्या होड्यांची पोटं अण्णांनी भरलेली आहेत. फायबरची होडी म्हणजे नुसतं कवच. तळाशी, पुढच्या टोकाला म्हणजे नाळेशी आणि इंजिनाखाली तिला बंद कप्पे असतात. त्यांत थर्माकोल ठासून वरून फायबर चढवलं की होडी फुटली, पाण्यानं भरली तरी तळाला जात नाही. कारखान्यातून येते तेव्हा कप्प्यात जेमतेम काहीतरी कोंबलेलं असतं. म्हणून आमच्याकडे नवी होडी आधी अण्णांच्या शेडमध्ये येते, मग फादरकडे आशीर्वादाला जाते. उलट क्रम कुणी करत नाही. फादरही नाही.

अण्णा मूळचे कट्टुमरमवाले. चार ओंडके दोरानं आवळले की झालं कट्टुमरम. "त्याला पोटच नाही," ते म्हणायचे, "मग पाणी शिरणार कुठं?" गावात फायबर आलं तेव्हा त्यांनी त्याला बादली म्हणून हिणवलं. मग एका वादळात त्यांच्या मावसभावाची बादली खरोखरच बुडाली. अण्णांनी ओंडके विकले आणि ते कोचीला गेले. परतले ते फायबरचं काम शिकून. शत्रूच्या घरी चाकरी धरली, असं लोक म्हणाले. अण्णा म्हणाले, "शत्रूच्या पोटात ओंडका घालायला शिकून आलोय."

त्यांचं काम बघत बसावं असं होतं. फायबर चढवायचं रेझिन थर्माकोलला खातं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक तुकडा ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचे, तान्ह्या पोराला दुपट्यात गुंडाळतात तसा. फट दिसली की पाचर मारायचे. काम करताना चर्चमधली गाणी म्हणायचे, एकही सूर जागेवर नसायचा. मी तमिळ साहित्यात एम.ए. करून गावी येऊन बसलो तेव्हापासून त्यांच्या शेडमधली मोडकी खुर्ची माझी. मला कुठंही नोकरी नव्हती तरी ते मला मास्तर म्हणायचे.

"मास्तर, तुमच्या पुस्तकांत समुद्राला किती शब्द?"

"खूप."

"आणि बुडण्याला?"

"तेही बरेच."

"तरंगण्याला?"

मला पटकन आठवेना.

"म्हणून खपत नाहीत तुमची पुस्तकं."

अशी आमची मैत्री. त्यांना साठ होत आली होती, मला पंचवीस.

कप्पा बंद करण्याआधी एक रीत होती. पूर्वी कट्टुमरमच्या ओंडक्यांना मासळीचं तेल पाजायचे. लाकूड त्यानं टिकायचं. फायबरला तेल लागत नाही. पण काही न पाजता होडी समुद्रावर पाठवायची, हे अण्णांच्या मनाला पटेना. "उपाशी पोटी कुणी पोराला कामाला धाडतं का?" मग त्यांनीच नवी रीत पाडली. इंजिनाच्या टाकीत घालायच्या पहिल्या पेट्रोलमधून तांब्याभर बाजूला काढायचं. मालकाच्या बायकोनं ते भरलेल्या कप्प्यात ओतायचं. भोवतीच्या बायका जीभ हलवून कुरवै घालायच्या, पोरं टाळ्या पिटायची, आणि अण्णा लगेच वरून लिंपून टाकायचे. होडी प्याली, म्हणायचे सगळे. न प्यालेली होडी पाण्यात लोटायला गावात कुणी खांदा देत नसे.

पेट्रोल काय करणार? खाली प्लास्टिक होतंच की.

त्या भोकासमोर उभं राहून आम्हाला ते कळत गेलं. बंद कप्प्यातून पेट्रोलला बाहेर पडायला वाट नव्हती. ते पिशव्यांच्या घड्यांतून आत शिरलं आणि सगळं खाऊन बसलं. होडीला कळलं नाही, माणसांनाही नाही. कारण रिकामा कप्पाही तरंगतो, त्याला चीर जाईपर्यंत. होड्या लाटांत उलटल्या, पण फुटल्या नाहीत. तरंगल्या. माणसं त्यांना धरून घरी आली आणि त्यांच्या बायकांनी अण्णांना मिठाई आणून दिली.

अण्णांनी नाळेकडचा कप्पा कापला. तेच. तळाशी सुकलेल्या पेजेसारखा पिवळा थर, वर लोंबणाऱ्या पिशव्या.

"म्हणजे इतकी वर्षं मी रांजणात बसून मासे मारत होतो?" रायप्पन हसायला लागला. त्याचं हसणं मोठं आहे, सगळं अंग हलतं. "बायकोला सांगतो. ती म्हणेल, तरीच तुझं डोकं पण..."

तो थांबला. हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं.

"अण्णा," तो म्हणाला. "सिल्वेस्टरची पण तूच भरली होतीस ना?"

अण्णा खाली वाळूत बसले.

सिल्वेस्टर त्यांचा कट्टुमरमवरचा जोडीदार. तरुणपणी दोघं एकाच ओंडक्यावर बसून समुद्रावर गेलेले. दोन वर्षांपूर्वी तो एकटाच गळ टाकायला गेला आणि परत आला नाही. गावातल्या सगळ्या होड्या शोधायला गेल्या. वरून विमान फिरलं. काही मिळालं नाही. ना माणूस, ना होडी.

होडी मिळाली नाही, हेच सगळ्यांच्या डोक्यात अडकलं. लिलावाच्या मैदानावर गाव जमलं तेव्हा लोकांनी अण्णांना विचारलं. त्या दिवशी मी तिथं होतो. अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, "मी भरलेली होडी बुडत नाही. तुकडे झाले तरी तुकडे तरंगतात. आठवडा झाला, एक तुकडा दिसला नाही. म्हणजे ती कुठल्यातरी किनाऱ्याला लागली आहे. लावणाऱ्यानं लावली आहे."

त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. तो जिवंत आहे, एवढंच सांगायचं होतं. पण गावानं पुढचं वाक्य स्वतः तयार केलं. जिवंत आहे आणि घरी येत नाही, म्हणजे पळाला. मग कुणीतरी कोल्लमच्या बंदरात त्याच्या होडीसारखी निळी होडी पाहिली. कुणाला तिथल्या कोळंबी सोलायच्या शेडमधली एक बाई आठवली. महिन्याभरात त्या बाईचं वय, रंग, दातांमधली फट, सगळं गावाला माहीत झालं. फादरनी मृतांची मिस्सा म्हटली नाही. सगळं गाव जिवंत म्हणतंय, मी मेला कसा म्हणू, ते म्हणाले. मयताची घंटा वाजली नाही.

अण्णांनीही ते मानलं. सगळ्यांत जास्त त्यांनीच मानलं. "मला तरी सांगायचं होतंस," असं ते कधीकधी समुद्राकडं बघून म्हणायचे. राग होता त्यात.

आणि सिल्वेस्टरची बायको अमलोर्पवम अक्का. ती मासळीची टोपली डोक्यावर घेऊन रोज शेडवरून जायची. जाताना नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायची. गळ्यातली ताली, लग्नाची दोरी, तिनं काढली नव्हती. "येऊ दे त्याला," म्हणायची, "याच दोरीनं खांबाला बांधते." गावाला ते ऐकायला आवडायचं. बायका मुद्दाम विचारायच्या, "अक्का, कोल्लमची काही खबर?" तीही मागं राहायची नाही. "आहे ना. तिच्या पोटी माकड झालंय, तुझ्या नवऱ्यासारखं दिसतं." मुलगी जेसिंता लग्नाची होती. दोन स्थळं आली आणि गेली. पळालेल्याची पोर, असं दोन्ही घरांनी सांगितलं.

अण्णा वाळूतून उठले. "एका होडीवरून काय कळतं," ते म्हणाले. "ही खराब निघाली असेल."

शेडमागं त्यांची स्वतःची जुनी होडी उपडी पडली होती. अण्णांनी ग्राइंडरची वायर तिथपर्यंत ओढली. स्वतः कापलं. मी मदत करू लागलो तर हात झटकला. फायबरची पांढरी धूळ त्यांच्या भुवयांवर बसली. तुकडा निघाला. त्यांनी आत पाहिलं नाही. नुसतं नाक जवळ नेलं.

तीही प्यालेली होती.

"चला," ते म्हणाले.

"फादरना आधी सांगू या," मी म्हणालो.

"फादरचा नवरा गेलाय का?"

ती रिकामी पिशवी अजून त्यांच्या मुठीत होती. रायप्पन आमच्या मागून चालत होता. तो किनाऱ्याकडं वळला, फोन काढून समुद्रावर गेलेल्यांना परत बोलवायला. मग आम्ही दोघंच उरलो. दुपार होती. वाळू तापली होती. अण्णांच्या पायात चप्पल नव्हती आणि ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

अक्का दारात बसून मासे चिरत होती. मीठ लावून वाळवायचे मासे.

"या, होडीचे डॉक्टर," ती म्हणाली. "आणि कंपाउंडर पण आणलाय. कुणाचं पोट फाडून आलात? अंगभर पीठ लागलंय."

"अमलोर्पवम, आत चल."

"आत कशाला? इथंच बोल. सापडला का?" तिनं चाकू खाली ठेवला नाही. "कोल्लमलाच ना? मला माहीत होतं. सांग, एकटा आहे का ती फटदात्री पण आहे?"

अण्णांनी पिशवी तिच्यासमोर जमिनीवर ठेवली.

"हे काय?"

"होडीत मी हे भरतो. यात थर्माकोल होता."

"मग?"

"आता नाही. रायप्पनच्या होडीत नाही. माझ्या होडीत नाही. कुणाच्याच नसणार. आतून विरघळून गेला."

"मग मला काय सांगतोस? रायप्पनला सांग."

अण्णा उभेच होते.   त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्याजवळ शब्दांचीच पदवी होती. मला एकही सापडला नाही.

"सिल्वेस्टरच्या होडीतही नव्हता," अण्णा शेवटी म्हणाले. "ती फुटली असणार. फुटल्यावर बुडाली. म्हणून दिसली नाही."

अक्का चाकूकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तो कोल्लमला नाही?"

"नाही."

"ती बाई?"

"कुणी बाई नव्हती."

त्यानंतर जे झालं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. अक्काचा चेहरा उजळला. दोन वर्षांचं काहीतरी तिच्या कपाळावरून गळून पडलं, आणि ती हसली. वयानं लहान दिसली. घराकडं मान वळवून तिनं हाक मारली, "जेसिंता! अगं ए! अप्पा गेला नव्हता गं! आपल्याला सोडून गेला नव्हता!"

जेसिंता दारात आली. आईचं हसू बघून तीही हसली. "सापडले?"

 अक्काचं तोंड उघडं राहिलं. हसू त्यातच होतं आणि आवाज मात्र दुसरा निघाला. 

तो आवाज ऐकून शेजारच्या बायका आल्या. काय झालं हे त्यांना जेसिंतानं सांगितलं नाही, मी सांगितलं. काय सांगितलं ते आठवत नाही. एक बाई म्हणाली, "पण विरघळला कशानं?"

अण्णांनी मला डोळ्यांनी थांबवलं. मग स्वतःच म्हणाले, "पेट्रोलनं."

आधी कुणालाच कळलं नाही. मग अक्काचं रडणं थांबलं. एकदम, दोर तोडावा तसं.

"मी ओतलं होतं," ती म्हणाली.

"मी ओतायला लावलं."

"तांब्या माझ्या हातात होता."

"रीत माझी होती, अमलोर्पवम. माझी. तू फक्त..."

"मी थोडं जास्तच ओतलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, याची होडी पोटभर पिऊ दे."

 शेजारच्या त्या सगळ्या बायकांनीही ओतलं होतं. त्यांचे नवरे त्या वेळी पाण्यावर होते. एक जण पदर सावरत किनाऱ्याकडं पळाली, मग दुसरी, मग सगळ्याच.

अक्का उठली. हात तसेच, माशांच्या खवल्यांचे. "चल," ती अण्णांना म्हणाली. "जिथं बोलला होतास तिथं बोल."

लिलावाच्या मैदानावर तोवर निम्मं गाव आलं होतं. रायप्पनच्या फोनमुळं होड्या एकेक करून परतत होत्या. काहीजण चिडलेले होते, काहींना चेष्टा वाटत होती. "काय अण्णा, आज संप?" कुणीतरी ओरडलं. अण्णा बर्फाच्या रिकाम्या पेटीवर चढले. अक्का खाली उभी राहिली, त्यांच्या अगदी जवळ.

"दोन वर्षांपूर्वी मी इथं बोललो होतो," अण्णा म्हणाले. "सिल्वेस्टर जिवंत आहे म्हणून. तो मेलाय. त्याच दिवशी मेला. मी भरलेली होडी बुडाली. तुमच्याही बुडतील. कुणी जाऊ नका."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तांब्याचंही. त्यांचा आवाज गाताना जसा फाटतो तसा फाटत होता. 

मग एका तरुणानं त्यांची कॉलर धरून त्यांना पेटीवरून खाली ओढलं. त्याचा भाऊ आणि बाप दोघं एकाच होडीवर जायचे. ते परत आले होते, त्याच्या मागंच उभे होते, ओले, धडधाकट. तरी त्यानं ओढलं. अण्णांनी प्रतिकार केला नाही. अक्का मध्ये गेली.

"सोड त्याला," ती म्हणाली. "मारायचा हक्क माझा आहे. तुझं कोण गेलंय?"

त्यानं सोडलं.

अक्का तशीच चर्चकडं गेली. घंटेची दोरी तिथल्या सेवकाच्या ताब्यात असते. फादर बाहेरगावी होते. त्यांना विचारल्याशिवाय मयताची घंटा वाजवता येत नाही, असं तो म्हणाला. अक्कानं त्याच्याशी वाद घातला नाही. दोरी घेतली. वाजवली. कशी वाजवतात ते तिला माहीत नव्हतं, ठोके चुकत होते. लोक एकेक करून गुडघ्यांवर बसले.

त्यानंतर समुद्रावर कुणी गेलं नाही. होड्या ओढून शेडसमोर लावल्या. रांग पार सुकवायच्या जाळ्यांपर्यंत गेली. दुसरा कुणी कामगार आणू, असं काहीजण म्हणाले. पण होडीच्या पोटात कुठं कापायचं हे अण्णांनाच माहीत होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधीच येऊन बसले होते. खालचा ओठ सुजला होता. कुणी त्यांना चहा दिला नाही. मी दिला. त्यांनी घेतला नाही.

अक्का आली. गळ्यात ताली नव्हती. ती माझ्या खुर्चीवर बसली. अण्णा एक होडी कापायचे, बाजूला व्हायचे. मालक वाकून बघायचा आणि मागं सरायचा. एकही भरलेली निघाली नाही. माझ्या मनात सारखं येत होतं की या सगळ्या होड्यांवर काल माणसं होती. परवा होती. त्याआधीही रोज होती.

अण्णांनी ग्राइंडर बंद केला तेव्हा अक्कानं विचारलं, "किती वेळ लागला असेल?"

"पटकन गेली असेल."

"खरं सांग."

अण्णांनी पायाखालच्या होडीवर हात ठेवला. 

"इंजिन जड असतं," ते म्हणाले. "मागची बाजू आधी जाते. नाळ वर राहते. थोडा वेळ."

"तो पोहणारा होता."

"होता."

"पण तू सगळ्यांना शिकवलं होतंस ना. काही झालं तरी होडी सोडायची नाही म्हणून."

"हो."

"म्हणजे त्यानं सोडली नसेल."

 अण्णा तिच्याकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं. माणसाचा चेहरा असा होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

"सांग ना," अक्का म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तू त्याला ओळखायचास. तुझं ऐकायचा तो."

"नसेल सोडली," अण्णा म्हणाले.

तिनं मान हलवली. पदरानं तोंड पुसलं. मग रांगेकडं बोट दाखवलं.

"पुढची घे," ती म्हणाली.